शेपटीच्या चाकाचा कोन

माझं टायगर मॉथ, म्हणजे त्या नावाच्या जुन्या विमानाचं मी बांधलेलं मॉडेल, मूळ विमानाच्या एक चतुर्थांश मापाचं आहे. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा ८.९४ मीटर, माझ्याचा २.२३ मीटर. एकावर एक दोन पंख, मधे खांब आणि ताणाच्या तारा, बाल्सा आणि बर्च प्लायचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे ब्रशलेस मोटर. बॅटरीसकट वजन साडेसात किलो. मुलुंडच्या आमच्या घरात आतल्या खोलीतल्या दिवाणावर त्याचे पंख तयार झाले आणि हॉलमध्ये धड. पंख सुटे करता येतात, म्हणून लिफ्टमधून खाली नेता येतं.

रेडिओवर चालणारं हे विमान मी मुंबईत उडवत नाही. सांताक्रूझ आणि जुहू असे दोन विमानतळ इथे आहेत, शिवाय पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. २०२१च्या ड्रोन नियमांमध्ये २५ किलोच्या आतल्या, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात चालवायच्या मॉडेलांना वेगळी जागा दिली आहे, पण त्याचा अर्थ कुठेही उडवा असा होत नाही. उड्डाण कर्जतच्या पुढे, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या माळावर, हवाई हद्दीचा नकाशा बघून. मुंबईत ते फक्त जमिनीवर चालतं. आणि इथे जे लिहितो आहे ते सगळं काम जमिनीवरचंच आहे.

हवेत हे विमान अतिशय गुणी आहे. सावकाश वळतं, सावकाश उतरतं, वारा थोडा असला तरी डगमगत नाही. जमिनीवर मात्र त्याचा स्वभाव पार बदलायचा. आमच्या इमारतीच्या मागे पेव्हर ब्लॉकचं लांबलचक पार्किंग आहे. रविवारी भल्या पहाटे ते बरंचसं मोकळं असतं. तिथे थ्रॉटल थोडा वाढवला की विमान सुरुवातीला सरळ जायचं, मग नाक हळूच डावीकडे सरकायचं. उजवा रडर (शेपटीची उभी, वळणारी फळी) द्यावा तर एक क्षण काहीच घडायचं नाही, आणि मग एकदम शेपटी हिसका मारून दुसऱ्या बाजूला जायची. तिला आवरायला उलटा रडर दिला की पुढचा हिसका आणखी मोठा. शेवटी पूर्ण विमान स्वतःभोवती गरकन फिरायचं आणि खालच्या पंखाचं टोक जमिनीला घासायचं. वैमानिक ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. खालच्या डाव्या पंखाच्या टोकाचं कापड मला ह्यापायी नव्याने लावावं लागलं.

शेपटीवर बसणाऱ्या सगळ्याच विमानांमध्ये ही खोड थोडीफार असते, आणि तिचं कारण साधं आहे. पुढची दोन मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. विमान जरा तिरपं झालं की वजनाची ओढ सरळ पुढे राहते आणि चाकं तिरप्या दिशेने धरतात. मग मागचं वजन पुढच्या चाकांना ओलांडून जायला बघतं. लांब दांड्याची हातगाडी ओढत नेली तर मागोमाग सरळ येते आणि तीच ढकलत नेली तर सतत सांभाळावी लागते, तसंच हे. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे ते आपोआप सरळ होतं. शेपटीवाल्या विमानात हा आपोआपपणा नाही. तिथे सरळ ठेवण्याचं काम कुणीतरी करावं लागतं, आणि कमी वेगात रडरवर पुरेशी हवा नसताना ते काम शेपटीच्या चाकाकडे येतं.

खऱ्या टायगर मॉथला मुळात शेपटीचं चाक नव्हतंच. १९३१ साली पहिल्यांदा उडालेल्या त्या विमानाला मागे घासत जाणारी पट्टी होती आणि ब्रेक अजिबात नव्हते. गवताळ मैदानावर ती पट्टी मातीत रुतायची, शेपटी धरून ठेवायची आणि ब्रेकचंही काम करायची. तेव्हाची मैदानंच तशी होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानातून. समुद्रालगतच्या त्या सपाट जमिनीवर पावसाळ्यात पाणी भरायचं आणि टपालसेवेला पुण्याचा आसरा घ्यावा लागायचा. डांबरी आणि काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्यावर घासपट्टी निरुपयोगी झाली. कडक जमिनीवर ती धरत नाही, नुसती झिजते. टायगर मॉथच्या कॅनडात बनलेल्या डीएच ८२सी ह्या प्रकाराला म्हणूनच शेपटीचं चाक आणि ब्रेक दोन्ही दिले, आणि ब्रेक लावल्यावर विमान नाकावर पडू नये म्हणून मुख्य चाकं आणखी पुढे नेली. मला ब्रेक नकोच होते, तेव्हा मुख्य चाकं पुढे न्यायचाही प्रश्न नव्हता. पण मुंबईत मला पेव्हर ब्लॉक, गच्ची आणि शाळेचं मुरमाड मैदान एवढीच जमीन मिळते. इथे घासपट्टी लावणं म्हणजे रूप राखून काम सोडणं. दिसायला थोडं कमी अस्सल झालं तरी चालेल, चाक नीट हवं, हे मी ठरवलं.

चाक तसं होतंच. मॉडेलच्या दुकानात मिळतं तसं: पियानो वायरचा खिळा रडरच्या बिजागरीला समांतर, त्याच्या खालच्या टोकाला रबरी चाक, वर आडवी पट्टी, आणि तिच्यापासून रडरपर्यंत दोन बारीक स्प्रिंगा. हजारो विमानांवर अशीच जोडणी असते आणि हलक्या विमानांना ती पुरते. जाणकार मित्रांनी तीन उपाय सुचवले. एक म्हणाला चाक मोठं लाव. दुसरा म्हणाला चाक जास्त वळेल असं कर. भाचा म्हणाला, "मामा, रडरला जायरो लाव, विषय संपला." जायरो शेपटीचा हिसका ओळखून स्वतःच उलटा रडर देतो आणि तो चालतोही, हे मला ठाऊक आहे. पण मूळ जोडणीच नीट नसेल तर जायरो दिवसभर तिच्याशी भांडत राहणार. मला आधी जोडणी समजून घ्यायची होती.

आमच्याच विंगेत अण्णा राहतात. सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानांच्या देखभालीत त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांना खाली बोलावलं. दोन फेऱ्या बघून ते म्हणाले, "थांबव. शेपटीवर वजन किती येतं?"

"मोजलं नाही अण्णा."

"मग आधी मोज. आणि ओळंबा आण."

शेपटीचं चाक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. मुख्य चाकांखाली काट्याच्या उंचीच्या फळ्या सरकवल्या, म्हणजे विमान जमिनीवर जसं बसतं तसंच बसेल. काट्याने ६०० ग्रॅम दाखवले, म्हणजे एकूण वजनाच्या आठ टक्के. मग अण्णांनी शेपटीशेजारी ओळंबा सोडला आणि चाकाचा खिळा त्या दोरीशी ताडून पाहायला सांगितला. मोबाइलवरच्या कोनमापकाने आकडा दिला: १२ अंश. खिळ्याचं वरचं टोक मागे, खालचं पुढे.

हे असं का, तर खिळा रडरच्या बिजागरीला समांतर होता आणि विमान जमिनीवर नाक वर करून बसतं. उडताना जी रेषा उभी असते ती जमिनीवर बसल्यावर मागे कलते. बिजागरीसाठी हे काहीच वाईट नाही. चाकासाठी मात्र ह्याचे दोन परिणाम होतात, आणि ते एकदा समजले की विमानाचं ते चमत्कारिक वागणं कळायला लागतं.

पहिला परिणाम हळू चालताना दिसतो. खिळा मागे कललेला असताना चाक वळलं की शेपटी किंचित खाली बसते. माझ्या मापांत जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण वजनाला खाली जायला तेवढी वाट पुरते. चाक जरा वळलं की शेपटीचं वजन त्याला आणखी वळवतं, परत मधे येऊ देत नाही. स्प्रिंगा सोडून, गुळगुळीत फरशीवर तेलाचा हात फिरवून मी हे करून पाहिलं. बोटाने चाक थोडं ढकललं की ते आपण होऊन बाजूला पडायचं.

दुसरा परिणाम वेगात. खिळ्याची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे टेकते, त्याच्या बरंच मागे चाक टेकलेलं असतं. हे अंतर जेवढं जास्त, तेवढा बाजूचा धक्का चाकाला जोराने पिळतो. शेपटी घसरायला लागली की चाक त्याच दिशेला तोंड करतं, मऊ स्प्रिंगा ताणल्या जातात, आणि ज्याने शेपटी धरून ठेवायची तेच चाक तिच्याबरोबर निघून जातं. रडर दिल्यावर एक क्षण काहीच घडत नव्हतं ते ह्यामुळे. पुढच्या क्षणी स्प्रिंग गोळा होऊन चाक एकदम वळायचं, तोच हिसका.

कडक स्प्रिंगा लावल्या तर? मग चाक धरेल, पण खड्ड्याचा प्रत्येक धक्का रडरमधून सर्व्होच्या, म्हणजे रडर फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या, दातांवर जाईल. रडरच्या खालच्या बिजागरीजवळ लाकडाला केसासारखी चीर दिसायला लागलीच होती. चाक जास्त वळवण्याचा उपाय तर उलटाच होता. रडर २५ अंश फिरतो, चाकही जवळपास तेवढंच फिरत होतं, आणि धावताना एवढं वळण नको असतं.

भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात लेथ चालवणारे एक मामा आहेत, मूळचे कणकवलीकडचे. माझी सगळी बारीक कामं तेच करतात. त्यांना शेपटीचा भाग नेऊन दाखवला, काय होतं ते सांगितलं. त्यांनी चाक दोनदा फिरवलं, मग खिळ्याकडे बघून म्हणाले, "तुमचो खिळोच वाकडो आसा, चाक काय करतलां?" ओळंबा आणि कोनमापकाने आम्ही जे शोधलं ते त्यांच्या डोळ्यांना तिथल्या तिथे दिसलं. हाताने काम करणाऱ्या माणसाच्या नजरेबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

तेव्हा ठरलं ते असं. चाक रडरपासून वेगळं करायचं. त्याला स्वतःचा खिळा, स्वतःचं बुश (खिळा ज्यात फिरतो ती नळी). ते सगळं ट्रकच्या पाट्यासारख्या पोलादी पट्टीवर, धडाच्या खालून मागे निघणारं. रडरशी संबंध फक्त स्प्रिंगांचा. मोठ्या विमानांमध्ये हीच रीत आहे. मॉल किंवा स्कॉट ह्या कंपन्यांची शेपटीची चाकं पाट्याच्या टोकाला बसतात, ठरावीक कोनापर्यंत रडर त्यांना वळवतो आणि त्यापलीकडे आतली खीळ सुटून चाक मोकळं फिरतं. ती सुटणारी खीळ एवढ्या लहान मापात करायची गरज नव्हती. मला हँगरच्या कोपऱ्यात जागच्या जागी वळायचं नाही.

पाटा वापरायचा तर एक गोष्ट आधी हिशेबात धरावी लागते, आणि सगळ्या कामात मला सर्वात रस ह्यातच वाटला. पाट्याचं टोक वजनाने वर जातं तेव्हा ते नुसतं वर जात नाही, तिरकंही होतं. त्या टोकावर खिळा बसवलेला असल्यामुळे खिळाही तेवढाच कलतो, वरचं टोक पुढे. म्हणजे टेबलावर सरळ दिसणारा खिळा विमान टेकल्यावर पुढे झुकलेला असतो. पुढे झुकलेल्या खिळ्यावर चाक थरथरतं, ह्याला शिमी म्हणतात. अण्णा सांगत होते, जुन्या विमानांचे पाटे वर्षानुवर्षांच्या वजनाने सपाट झाले की शेपटी थडथडायला लागते, आणि लोक चाकाला दोष देतात. पाटा बदलला की थांबतं.

मी हिशेब मांडला. पाटा १२ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड, पकडीपासून खिळ्यापर्यंत ९० मिलिमीटर मोकळा. ६०० ग्रॅमच्या भाराखाली टोक जवळजवळ ७ मिलिमीटर वर जाणार आणि साडेसहा अंश कलणार. वजन पडल्यावर खिळा दोन-अडीच अंश मागे राहायला हवा होता, म्हणजे रिकामा असताना तो जमिनीच्या लंबाशी ९ अंश मागे ठेवायचा. उतरताना आदळला तर तिप्पट भार येईल. तेव्हा एकटा पाटा २० मिलिमीटरच्या वर दबेल आणि खिळा चांगलाच पुढे झुकेल. म्हणून वरच्या अंगाला दुसरा आखूड पाटा घेतला, ५५ मिलिमीटरचा, मागचं मोकळं टोक किंचित उचललेला. एरवी तो काही करत नाही. मोठा पाटा जास्त दबला की त्याला जाऊन टेकतो आणि मग दोघे मिळून भार घेतात.

स्प्रिंग स्टीलची पट्टी नागदेवी स्ट्रीटला मिळाली. मस्जिद स्टेशनला उतरून त्या गल्लीत शिरलं की बेअरिंग, स्प्रिंगा, पाने, नट-बोल्ट, काय हवं ते सुटं मिळतं, फक्त माप नक्की सांगता आलं पाहिजे. चिमट्यात धरून पट्टी वाकवून सोडली की ती सरळ परत यायला हवी. वाकलेलीच राहिली तर ती स्प्रिंग स्टील नव्हे. तिथेच पितळेचं बुश, फायबरचे वायसर आणि निरनिराळ्या जाडीच्या बारीक ताण-स्प्रिंगा घेतल्या. स्प्रिंगा मुद्दाम चार प्रकारच्या घेतल्या, कारण ह्या लहान स्प्रिंगांचा कडकपणा दुकानदाराला विचारून कळत नाही. घरी वजन लटकवून, पट्टीने लांबी मोजूनच कळतो.

पाट्याला भोक पाडायचं नाही, हा अण्णांचा आग्रह. कडक पोलादाला भोक पडायला त्रास होतो हे एक, आणि तडा नेहमी भोकापासून सुरू होतो हे दुसरं. त्यामुळे पुढच्या बाजूला दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये पाटा दाबून धरला. बोल्ट पाट्याच्या दोन्ही बाजूंनी जातात, मधून नाही. मागच्या टोकाला मामांनी ड्युरॅल्युमिनचा छोटा ठोकळा करून दिला. त्यात पाट्याच्या मापाची खाच आणि खिळ्यासाठी उभं बुश. खाचेचा उतार ९ अंशांच्या हिशेबाने कापला. पट्टीच्या सगळ्या कडा मी आधी कानशीने आणि मग पॉलिश पेपरने गोल केल्या. कापलेल्या धारेवरचा एक बारीक ओरखडाही पुढे तडा होऊ शकतो. धडाच्या आत जिथे ही पकड येते तिथे प्लायचा एक आडवा पडदा नव्याने चिकटवला. आधी तिथे फक्त बाल्सा होता, आणि पाट्याचा पीळ बाल्साने सोसला नसता.

खिळा ४ मिलिमीटरचा. चाक ४५ मिलिमीटरचं, खिळ्याच्या ८ मिलिमीटर मागे. चाक म्हणून मऊ रबर न घेता मी थोडं कडक पॉलियुरेथेन घेतलं. मऊ रबर काँक्रीटला चिकटून धरतं आणि एकदम सुटतं. कडक चाक थोडं घसरतं पण सांगून घसरतं. ह्याबाबत मतभेद आहेत, गवतावर उडवणारे मित्र मऊ चाकच पसंत करतात आणि त्यांच्या जमिनीसाठी ते योग्यही असेल. माझी जमीन पेव्हर ब्लॉक आणि मुरूम.

वळणाचं माप कमी करणं सोपं होतं. रडरच्या आडव्या पट्टीवर स्प्रिंगेची कडी मध्यापासून १८ मिलिमीटरवर आहे. चाकाच्या आडव्या पट्टीवर ती ३२ मिलिमीटरवर घेतली. रडर २५ अंश फिरला की चाक सुमारे १४ अंश फिरतं. स्प्रिंगा बसवताना दोन्ही बाजूंना आधीच थोडा ताण ठेवला, इतका की रडर पूर्ण एका बाजूला गेला तरी दुसरी स्प्रिंग सैल पडणार नाही. सैल स्प्रिंग म्हणजे मधे मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत चाक स्वतःच्या मनाने वागतं. डावी आणि उजवी स्प्रिंग मुद्दाम थोड्या वेगळ्या कडकपणाच्या घेतल्या. मोठ्या विमानांच्या चाकांबरोबर येणाऱ्या स्प्रिंगाही पुष्कळदा अशाच वेगवेगळ्या असतात. दोन्ही अगदी सारख्या असल्या तर थरथर एकाच लयीत वाढत जाते. वेगळ्या असल्या की ती लय मोडते.

मग चाचणी. आधी पार्किंगमध्ये. प्रोपेलर चालू असलेलं साडेसात किलोचं विमान हा खेळ नाही, म्हणून दोन्ही टोकांना माणूस उभा, मुलं आणि कुत्री आत येणार नाहीत ह्याची खात्री, आणि रेडिओचा संपर्क तुटला तर मोटर बंद होते ना हे आधी तपासलेलं. चाक कसं वागतं हे लांबून दिसत नाही. त्यासाठी बायकोने युक्ती सांगितली: जमिनीवर रांगोळीचा पातळ थर पसरा. विमान त्यावरून गेलं की तीन रेघा उमटतात. बाहेरच्या दोन सरळ होत्या. मधली रेघ बारीक नागमोडी आली.

जुन्या चाकाची रेघ तुटक आणि फराटे ओढलेली यायची, त्या मानाने ही फारच चांगली होती. पण नागमोडी म्हणजे शिमी. मोबाइलवर संथ गतीचं चित्रण केलं तर चाक पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक सांध्यावर उडून भराभर डावी-उजवीकडे हलताना दिसलं. वजन दिलेलं असताना खिळा पुन्हा मोजला. तो अडीच अंश मागेच होता, म्हणजे कोन बरोबर. कमी होतं ते घर्षण. बुशच्या वर आणि खाली फायबरचा एकेक वायसर घालून वरचा नायलॉक नट अशा बेताने आवळला की शेपटी उचलून धरल्यावर चाक बोटाने सहज फिरावं, पण सोडल्यावर स्वतःच्या वजनाने फिरू नये. ह्यापेक्षा जास्त आवळला तर स्प्रिंगा चाकाला मधे आणू शकत नाहीत. त्यानंतर मधली रेघ सरळ आली. रांगोळीतल्या त्या तीन समांतर रेघांचा फोटो मी जपून ठेवला आहे.

गच्चीवर चायना मोझॅक आहे, गुळगुळीत. तिथे फक्त हळू चालवलं, कठड्यापासून लांब. जुन्या जोडणीत एकदा वळलेलं विमान वळतच राहायचं आणि सरळ करायला थ्रॉटल द्यावा लागायचा. आता रडर मधे आणला की चाक मधे येतं.

खरी परीक्षा शाळेच्या मैदानावर झाली. मुख्याध्यापकांनी सुट्टीच्या दिवसाची परवानगी दिली होती, उडवणार नाही ह्या अटीवर. मुरूम दाबलेला, मधे बारीक खडी. मुंबईत कोरड्या महिन्यांमध्ये सकाळी हवा जवळजवळ पडलेली असते आणि दुपारकडे समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुरू होतो. मी मुद्दाम दोन्ही वेळा गेलो. सकाळी विमान रेषेत धावलं, जोरात थ्रॉटल दिल्यावर नाक डावीकडे ओढलं जायचं ते थोड्याशा उजव्या रडरवर थांबलं. (मूळ टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन उलट्या दिशेने फिरतं, त्यामुळे खरं विमान उजवीकडे ओढतं. मला नेहमीचा प्रोपेलर वापरायचा होता म्हणून मी ती नक्कल केलेली नाही.) दुपारी वारा बाजूने घेतला. दोन मजली पंख आणि उभा रडर असलेलं हलकं विमान वाऱ्याकडे तोंड करायला बघतंच. आता ते तसं बघत होतं, पण हळूहळू, आवरता येईल अशा वेगाने. एलिव्हेटर (शेपटीची आडवी, वर-खाली होणारी फळी) पूर्ण वर धरला की प्रोपेलरची हवा शेपटी दाबून ठेवते आणि चाकाला भार मिळतो. जुन्या जोडणीत हाच भार चाकाला बाजूला पाडायला मदत करायचा, नव्या जोडणीत तो पकड देतो. अण्णा छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांनी हाताने आठचा आकडा काढून दाखवला. मी वाऱ्यात आठचा आकडा काढला, दोन्ही बाजूंना, पंखाचं टोक कुठेही न टेकवता.

अण्णा जवळ आले, वाकून पाटा दोन बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "आता हे विमान झालं."

वजनाचा हिशेब राहिला होता. जुनी जोडणी ३५ ग्रॅमची, नवी ६२ ग्रॅमची. २७ ग्रॅम ऐकायला काही नाहीत, पण ते गुरुत्वमध्यापासून सव्वा मीटर मागे आहेत, आणि शेपटीतल्या एका ग्रॅमसाठी नाकात जवळजवळ तीन ग्रॅम शिसं लागतं. शिसं घालायचं नव्हतं. बॅटरी ११०० ग्रॅमची आहे, ती ३ सेंटिमीटर पुढे सरकवली आणि तोल होता तिथे आला. बॅटरीचा ट्रे लाकडाचा, वेल्क्रोचा पट्टा, काम तासाभराचं.

कर्जतच्या माळावर त्यानंतर उड्डाणं झाली आहेत. तिथली जमीन भातकापणीनंतरची, ढेकळांची, म्हणून आम्ही एक पट्टा फावड्याने सारखा करून घेतला आहे. उतरताना दोन प्रकार करून पाहिले. तिन्ही चाकांवर एकदम उतरलं तर आखूड पाटा लागतो. त्यावर मार्करने रेघ मारून ठेवली होती, ती पुसली गेली होती. आधी पुढच्या दोन चाकांवर उतरून शेपटी सावकाश खाली आणली तर तो लागत नाही. दोन्हींत विमान सरळ राहिलं. रडरच्या बिजागरीजवळची चीर मी पातळ इपॉक्सी सोडून भरली होती, ती वाढलेली नाही. सर्व्होचा आवाजही बदलला आहे; पूर्वी जमिनीवर चालताना तो सतत कण्हायचा.

एक गोष्ट अजून मनासारखी नाही. ओल्या मुरमात चिखल बुशच्या खालच्या वायसरमध्ये शिरतो आणि घर्षण वाढतं, मग चाक मधे यायला उशीर लावतं. मामांनी बुशच्या खाली टोपीसारखं एक पितळी झाकण करायचं सुचवलं आहे. त्यासाठी खिळा ३ मिलिमीटरने लांब लागेल, म्हणजे ठोकळ्याची खालची बाजू तेवढी छाटावी लागेल. पावसाळ्यात कर्जतचा माळ बंदच असतो. तेवढ्यात ते होईल.